घाटाखालचं शहर

घाटघरात मुंबई कुठे असं विचारलं, तर म्हाताऱ्या माणसाचं बोट समोर जात नाही, खाली जातं. गाव संपतं, भाताची खाचरं संपतात, नानाच्या अंगठ्यापाशी जमीनही संपते आणि दोन हजार फुटांहून खोल कोकण पसरलेलं दिसतं. वैशाखरे, टोकावडे, मुरबाड, मग कल्याण, कल्याणला गाडी. एवढाच पत्ता. एसटी माळशेजने फिरून जायला लागली ती नंतर. त्याआधी माणसं नाणेघाटानेच उतरत, काखेत वळकटी आणि फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या घेऊन. (हे जुन्नरचं घाटघर. अकोले तालुक्यात दुसरं आहे, तिथे पाणी वर चढवून वीज करतात. नकाशात लोक हमखास त्याच्यावर जाऊन पडतात.)

आमचं गाव इथून अलीकडे, कुकडीच्या खोऱ्यात. कुकडी उगम पावते ती घाटघरच्या अंगाला, पण वाहते मुंबईकडे पाठ करून, पूर्वेला. पाणी पूर्वेला आणि माणसं पश्चिमेला, अशी आमच्याकडची रीत. घरटी एक माणूस मुंबईला असायचाच. कोणी भाऊच्या धक्क्यावर, कोणी मस्जिद बंदरला पाठीवर पोती वाहायला, कोणी डबे पोचवायला, कोणी गिरणीत. गिरणीतला माणूस या सगळ्यांत वरच्या पायरीवर. त्याला महिन्याचा पगार होता, फंड होता, बोनस होता, आणि मुलगी देताना लोक ‘पोरगा साच्यावर आहे’ एवढ्यावर निम्मी बोलणी उरकत. माझे चुलते, तात्या, असे साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. लोअर परळच्या एका गिरणीत.

नाणेघाटाच्या लेण्यात जी ब्राह्मी अक्षरं आहेत, ती वाचता येत नसूनही मी त्यांच्यापुढे बराच वेळ उभा राहिलो आहे. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या राणीने, नागनिकेने, आपल्या घराण्याने केलेले यज्ञ आणि दिलेल्या दक्षिणा तिथे कोरून ठेवल्या. गायी किती, घोडे किती, कार्षापणं किती, सगळं आकड्यांत. भारतातल्या सगळ्यांत जुन्या कोरीव आकड्यांत त्यांची गणना होते. सातवाहन राजांचे पुतळे तिथे होते. त्यांची नावं आणि थोडेफार पाय उरले आहेत. एवढा चोख हिशेब, पण ज्यांनी हा डोंगर फोडून फरसबंदीची वाट काढली त्यांना काय दिलं, ते त्यात नाही. ती नोंद शोधायची सवय मला लेण्यांतून लागली की तात्यांच्या पगारपत्रकांतून, हे आता सांगता येणार नाही.

शहराची ओळख बदलते यात आमच्या तालुक्याला नवल वाटायचं कारण नाही. जुन्नर आधी कोकणातून वर येणाऱ्या मालाची पेठ. मग 1490 मध्ये मलिक अहमदने निजामशाही उभी केली ती इथून, आणि थोड्याच वर्षांत राजधानी अहमदनगरला नेली. पुढे जुन्नर कागदाचं गाव झालं. पेशवाईत जुन्नरी कागदाला मोठं नाव होतं. गिरणीचा कागद आला आणि हातकागद बसला. आज जुन्नर म्हटलं की द्राक्षं आणि नारायणगावचा टोमॅटो. कागद गेला म्हणून डोळ्यांत पाणी आणणारं कोणी मला भेटलेलं नाही. गिरणगाव गेलं याचं मात्र अजून दुखतं, कारण ज्यांचं दुखतं ती माणसं अजून ओसरीवर बसून आहेत.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास सुरू होतो कावसजी नानाभाई दावर या पारशी व्यापाऱ्यापासून. 1854 मध्ये त्यांनी कंपनी काढली आणि 1856 मध्ये ताडदेवला सूत निघू लागलं. पाठोपाठ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरला तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापूसवाल्यांच्या घरात पैसा मावेना. युद्ध 1865 मध्ये संपलं तेव्हा कित्येकजण बुडाले, पण गिरण्या वाढतच राहिल्या. परळ, लालबाग, भायखळा, वरळी, शिवडी. समुद्राची दमट हवा सुताला मानवते. कोरड्या हवेत धागा तुटतो. माणसाला ती मानवते का, हा प्रश्न कोणी विचारला नाही. तात्या सांगत, साचा खात्यात वरून पाण्याचे बारीक फवारे सोडलेले असत आणि उन्हाळ्यात तिथे उभं राहणं म्हणजे भात शिजतो त्या टोपात उभं राहणं. शेकडो साच्यांचा खडखडाट असा की शेजारच्याशी बोलायचं ते ओठांनी आणि बोटांनी. ते कानाने अधू झाले ते तिथेच. अजूनही समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून ऐकतात. नव्या माणसाला वाटतं, म्हातारा फार लक्ष देतो.

डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत आमच्या भागातल्या लोकांचा एक गाळा होता. एकशे साठ चौरस फुटांची खोली आणि तिच्यात तिन्ही पाळ्यांची माणसं. पहिल्या पाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागेवर आडवा होई. ट्रंका भिंतीला एकावर एक, दोरीवर कपडे. जेवण खानावळीत, म्हणजे एखाद्या बाईच्या घरी, महिन्याच्या हिशेबाने. या खानावळवाल्या बहुतेक गिरणीकामगारांच्याच बायका किंवा विधवा होत्या. सावकाराच्या व्याजात बुडालेल्या या बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेची कर्जं मिळवून दिली. गिरणगावाबद्दल बोलताना भोंगा आणि लाल बावटा सगळ्यांना आठवतो. माझ्या मते भोंग्याआधी दोन तास उठून पिठाची परात ओढणारी बाई आधी आठवायला हवी.

पण गाळा हे मुंबईतलं घर नव्हतं, ती गावाचीच पुढे वाढवलेली ओसरी होती. तिथे देवाची वर्गणी निघे, भजनाला मृदंग असे, भांडणं गावाच्या बांधावरची असत. तमाशासुद्धा आमच्याच मागोमाग उतरला. नारायणगाव आमच्या तालुक्यातलं; गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची माणसं जत्रेची सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं गाव ते. हे फड यात्रा संपल्या की मुंबई गाठत. लालबागच्या हनुमान थिएटरात पुढच्या रांगेत बसलेला माणूस आठ तास साच्यावर उभा राहून आलेला असे, आणि मंचावरची बाई जी बोली बोले ती त्याच्या आईची असे. मुंबईत राहून मुंबईकर व्हायची त्याला गरजच पडत नव्हती.

आता यातली दुसरी बाजू, जी मला मोठेपणी कळली. तात्या गाळ्यात एकटे राहत. काकी गावाला, सासू-सासऱ्यांजवळ. भाताची लावणी, हिरडा गोळा करणं, गुरं, चार मुलं, म्हाताऱ्यांची आजारपणं, सगळं तिच्याकडे. तात्यांचा पगार एका माणसाला मुंबईत पुरेल आणि दहा-वीस रुपये मनीऑर्डरने गावाला जातील एवढाच असे. तो तसाच असायचा, कारण गिरणीला ठाऊक होतं की या माणसाला मागे गाव आहे. त्याचं बालपण गावाने पोसलं, तो आजारी पडला की गावाला जाईल, म्हातारा झाला की गावाला जाईल, त्याची मुलं गावाची भाकर खातील. मुंबईच्या कापडाच्या भावात काकीच्या लावणीची मजुरी धरलेली नव्हती. नागनिकेच्या हिशेबापेक्षा हा हिशेब फार वेगळा होता असं मला वाटत नाही.

नुसती माणसंच नाही, घाटाने पाणीही दिलं. 1915 पासून खोपोलीला टाटांची जलविद्युत सुरू झाली. लोणावळ्याच्या बाजूला पावसाचं पाणी तळ्यांत अडवून ते कड्यावरून खाली सोडायचं आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या. पुढे मुळशीचं धरण आलं. 1921 मध्ये मावळे शेतकरी जमिनी वाचवण्यासाठी सत्याग्रहाला बसले आणि पांडुरंग महादेव बापटांना सेनापती हे नाव मिळालं ते त्या लढ्यात. धरण झालंच. म्हणजे ज्या डोंगरातून माणूस उतरला, त्याच डोंगराचं पाणी त्याच्यामागून उतरून त्याचा साचा फिरवत होतं. इतकं असूनही शाळेच्या पुस्तकात मुंबई ‘सात बेटांचं शहर’ म्हणून येते. आठवं बेट आमच्याकडे होतं, जमिनीवर.

या शहराला त्या माणसांनी दिलेलं त्यांच्या नावावर फारसं लागलेलं नाही, तरी थोडं सांगितलं पाहिजे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची सभा बांधली आणि 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. आज ज्याला आपण वीकएंड म्हणतो त्याचा निम्मा भाग तिथून आला. 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या. 1928 चा लाल बावट्याचा संप महिनोन्‌महिने चालला. अण्णा भाऊ साठे गिरणीत राबले. नारायण सुर्व्यांना रस्त्यावरून उचलून घरी नेलं आणि वाढवलं ते गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गोळ्या खाणाऱ्यांत गिरणगाव पुढे होतं. मराठी मुंबई नावाची जी गोष्ट आज भाषणांत येते, ती बरीचशी अशा लोकांनी उभी केली ज्यांच्या खोलीत पाय लांब करायला जागा नव्हती.

18 जानेवारी 1982. तात्यांना मुलांच्या जन्मतारखा सांगता येत नाहीत, ही सांगता येते. सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले. पगार, बोनस, बदलीवाल्यांना कायम करणं, आणि 1946 च्या ज्या कायद्याने एकाच युनियनला मान्यता दिली होती तो कायदा हटवणं. यातली बदलीवाल्यांची मागणी मला सगळ्यांत न्यायाची वाटते. सकाळी गेटवर कार्ड घेऊन उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर परत. असं तात्यांनी कित्येक वर्षं काढलं होतं.

संप इतका लांबला कसा, असं शहरातले लोक आजही विचारतात. लांबला, कारण मागे गाव होतं. पहिल्या काही आठवड्यांतच गाळे रिकामे होऊ लागले आणि घाटावरच्या एसट्या भरल्या. 1896 च्या प्लेगमध्ये लोक असेच पळाले होते, आणि 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा तेच झालं. मुंबईला काही झालं की तिची माणसं वर चढतात. संपाच्या वर्षी तात्यांनी आषाढात भात लावला. काकी सांगते, पहिले काही महिने बरे गेले, घर भरल्यासारखं वाटलं. मग दागिने गेले, मग बैलजोडीतला एक गेला. कोठीतला तांदूळ हा त्या संपाचा खरा फंड होता, आणि तो रिकामा केला तो आमच्या बायकांनी. संप मागे घेतला असं कोणी कधी जाहीर केलंच नाही. कामगारच तुटत गेले. काही परतले, पुष्कळांना आत घेतलं नाही. तात्यांना घेतलं, पण वर्षा-दोन वर्षांत त्यांची गिरणीच बसली.

पुढची गोष्ट सूत-कापडाची नाही, जमिनीची आहे. गिरण्यांची जमीन सुमारे सहाशे एकर. 1991 च्या नियमाने ती तीन वाट्यांत जायची होती: एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. 2001 मध्ये नियमात बारीकसा बदल झाला, वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जागेची, बांधकामाखालच्या नाही, आणि पहिले दोन वाटे आक्रसून गेले. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. कागदावरच्या दोन ओळींनी शहराचा चेहरा किती बदलतो हे पाहायचं असेल तर लोअर परळ स्टेशनच्या पुलावर उभं राहावं. फिनिक्स गिरणीचा मॉल झाला. कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आणि खाण्यापिण्याच्या जागा आल्या. 2017 च्या डिसेंबरात तिथल्या आगीत चौदा माणसं गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर चेंगरून तेवीस. तो पूल गिरणीच्या पाळीपाळीने येणाऱ्या माणसांसाठी होता. कचेऱ्या सगळ्यांना एकाच वेळी बोलावतात. काही धुराडी राखली आहेत. त्यांच्यावर दिवे सोडतात, आणि ती दिसतातही सुंदर. मला त्याचा राग येत नाही. गिरणी सुंदर नव्हती, तिथे कापसाची धूळ छातीत बसत होती. ती बंद पडली म्हणून हळहळणारे आम्ही सगळे तिच्या बाहेर वाढलेलो आहोत.

माझं म्हणणं वेगळं आहे. गिरण्या गेल्या, तसा या शहराचा गावाशी असलेला सौदा मोडला. तो सौदा अन्यायाचा होता, पण सौदा होता. शहराला आमच्या खोऱ्यातल्या अडाणी पोराची गरज होती, आणि म्हणून त्या पोराची भाषा, देव, तमाशा, लालबागचा गणपती, कबड्डीचं मैदान, हे सगळं शहराच्या अंगावर चढलं. आता गरज नाही. घाटघरचा मुलगा आज मुंबईला जात नाही, चाकणला जातो, ठेकेदाराकडे. तिथे मोटारींचे भाग करतो आणि सात-आठ महिन्यांनी घरी येऊन बसतो. त्याला बदलीचं कार्डदेखील नाही. चाकणच्या नावाने शाहिरी होईल असं काही दिसत नाही.

आणि उलटी रहदारी सुरू झाली आहे. 2018 मध्ये जुन्नर पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. पावसाळ्यात शनिवार-रविवारी नाणेघाटावर मोटारींची रांग लागते, कारण इथे वाऱ्याच्या जोराने धबधबा खाली न पडता वर उडतो आणि त्याचा व्हिडिओ चांगला येतो. घाटघर-अंजनावळेच्या बाजूला आता मका, भजी, मॅगी मिळते. तात्यांची लेक घाटघरात दिलेली. तिचीही ताडपत्रीची टपरी आहे. एका श्रावणात आम्ही तिच्याकडे होतो. लेण्यातून भिजून आलेली चार-पाच तरुण मुलं चहाला बसली. चांगली होती, दंगा करणारी नव्हती. तात्यांनी विचारलं, “कुठले?”

“मुंबई. लोअर परळला ऑफिस आहे. मिलमध्ये.”

तात्या सावरून बसले. बोलणाऱ्या मुलाच्या ओठांकडे बघत म्हणाले, “मिलमदी? कंच्या खात्यात?”

“एच. आर.,” मुलगा म्हणाला.

तात्यांनी मान हलवली. थोडा विचार करून विचारलं, “पाळी कंची?”

“नऊ ते सात. कधीकधी नऊ ते नऊ.”

“ओव्हरटाइम देत्यात?”

मुलगा हसला, नाही म्हणाला. तात्या हसले नाहीत. ते मला नंतर म्हणाले, “पोरगं सुकलंय. युनियन नसंल.” एवढा नेमका निष्कर्ष मी लोअर परळवरच्या कुठल्या लेखात वाचलेला नाही.

गिरणी कामगारांना मिळायच्या घराचा अर्ज तात्यांनी केव्हाच भरला आहे. 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर जो पटावर होता तो सरकारदरबारी गिरणी कामगार; त्याच्या आधीच्या वर्षी जो थकून घरी बसला, तो नाही. अर्ज दीड लाखाहून अधिक. 2012 पासून सोडती निघाल्या, काही हजारांना घरं लागली. बाकीच्यांचं ठरता ठरत नाही. डिलाईल रोडच्या चाळी पाडून तिथे पाचशे फुटांची घरं होत आहेत, पण ती ज्यांच्या नावावर खोली आहे त्यांना. गाळ्यात पथारी टाकणाऱ्याचं नाव कुठल्या खोलीवर असणार? तात्यांच्या ट्रंकेत पासबुकाच्या पिशवीत हजेरीचं कार्ड, ईएसआयचं कार्ड, रजेचं पुस्तक आणि तिकीट नंबर लिहिलेली पगाराची पावती आहे. अधूनमधून कोणीतरी फोन करतं, अमुक तारखेपर्यंत कागद पुन्हा द्या. चुलतभाऊ चाकणहून रजा काढून येतो, झेरॉक्स काढतो, मुंबईला जातो.

गेल्या खेपेला तो बातमी घेऊन आला की सरकार घरं शेलू आणि वांगणीला देतंय. संघटना नको म्हणतायत, आझाद मैदानात मोर्चा काढतायत, घर मुंबईतच पाहिजे म्हणतायत. काकी तांदूळ निवडत होती. शेलू कुठे, असं तिने विचारलं. त्याने सांगितलं, कर्जत लाइनवर, वांगणीच्या पुढे, नेरळच्या अलीकडे. नेरळ काकीला माहीत आहे. नेरळवरून खांडसला गेलं की वर भीमाशंकर. ती माहेरची त्या अंगाची. तिने सुपातून खडा काढून बाजूला टाकला.

“म्हंजे घाटाखालीच की,” ती म्हणाली. “मग यांना इचार, मधी चाळीस वर्सं कुठं गेल्ते?”

तात्यांना ऐकू गेलं नाही. चुलतभावाने फॉर्म पुढे केला, वारस म्हणून कोणाचं नाव घालायचं ते विचारायला, आणि त्यावरून त्याच्यात आणि त्याच्या भावात जे लागलं ते जेवणापर्यंत चाललं.